पुंगळी-छाटणी आणि केस ट्रिमर

पुंगळी-छाटणी : झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरण्याआधी तिचे तोंड ठरलेल्या लांबीवर कापून आणण्याची क्रिया. ज्या साधनाने ती करतात त्याला केस ट्रिमर किंवा नुसते ट्रिमर म्हणतात. छाटणी मुख्यतः रायफलीच्या निमुळत्या मानेच्या पुंगळ्यांना लागते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या सरळ पुंगळ्यांना ती क्वचित लागते. .२२ च्या रिमफायर (पेटवणारा मसाला बुडाच्या कडेतच असलेल्या) पुंगळ्या सहसा पुन्हा भरल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांचा प्रश्नच येत नाही.

संज्ञा व व्युत्पत्ती

मराठवाड्यात, एकूणच मराठी पंचनाम्यांत आणि वर्तमानपत्रांत, झाडून रिकाम्या झालेल्या कवचाला ‘पुंगळी’ म्हणतात. पोकळ नळी हा तिचा मूळ अर्थ. ‘काडतूस’ या शब्दाचा उगम मात्र वादाचा आहे. पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून तो आला असे सर्वसाधारणपणे मानतात, बटाटा, चावी, पिंप हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले. दुसरी शक्यता फ्रेंच ‘कार्तूश’ची. अठराव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या पदरी रेमाँ या फ्रेंच सेनानीची कवायती पलटण होती आणि मराठवाडा तेव्हा बहुतांशी निजामाच्या अमलाखाली होता, म्हणून इथल्या बोलीपुरता हा मार्ग अगदीच नाकारता येत नाही. पण दख्खनीत आणि उर्दूत रूढ आहे तो ‘र’ असलेला ‘कारतूस’. मराठीने शब्द दख्खनीकडून उचलला असता तर तोच ‘र’ टिकण्याचा संभव अधिक होता. ‘ड’ असलेले रूप कोकणापासून बालाघाटापर्यंत सारखेच आढळते. ते किनाऱ्यावरून थेट आले आणि घाट चढून इकडे पसरले, हे मत अधिक पटते. दोन्ही मार्ग मागे नेले तर कागद या अर्थाच्या इटालियन आणि लॅटिन शब्दांशी जाऊन मिळतात, कारण पहिली काडतुसे कागदाचीच होती. १८५७ ला ज्यांच्यावरून भडका उडाला तीही कागदीच. कागदी काडतूस एकदाच वापरायचे असते. छाटणीचा प्रश्न पितळ आल्यावरच निर्माण झाला.

पितळी पुंगळीच्या बुडात टोपी (आघाताने पेटून दारू पेटवणारा प्राइमर) बसवण्याच्या दोन पद्धती १८६६ च्या सुमारास स्थिरावल्या. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत बुडाला मधोमध एकच छिद्र असते. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या पद्धतीत कडेला सहसा दोन बारीक छिद्रे असतात. पुढे घरगुती भरणाऱ्यांनी बॉक्सरची पद्धत उचलली, कारण मधल्या छिद्रातून खिळा घालून जुनी टोपी सहज ढकलता येते. ट्रिमर निवडताना हा फरक पुन्हा आडवा येतो. घरगुती भरणीची हत्यारे अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आली. जॉन बार्लो यांची आयडियल कंपनी १८८४ ची, ती १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे गेली.

कायदा

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील व्याख्येनुसार ‘दारूगोळा’ या शब्दात काडतुसाचे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्री, दोन्ही येतात. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय निर्मिती करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे भरण्याचा परवाना नव्हे. पीकसंरक्षणासाठी परवाना घेतलेल्या शेतकऱ्याने हे नीट ध्यानात ठेवावे. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये टर्नरकडून पुंगळ्या कापून घेतल्या तरी जबाबदारी टळत नाही, उलट त्या टर्नरलाही ती चिकटते. पुढील तपशील जिथे ही क्रिया कायदेशीर आहे तिथला आहे. परदेशी गेलेल्या नेमबाजांना आणि परवानाधारक संस्थांना तो उपयोगी पडावा.

लांबी का वाढते

काडतुसाचे पितळ ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे असते. बार उडताच मानेकडचे पातळ पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेच्या, भिंतीला घट्ट धरते. बुडाकडचा जाड भाग मात्र दाबाने मागे, चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टवर, रेटला जातो. मधले पितळ ताणले जाते. नंतर साइझिंग डायमध्ये, म्हणजे पुंगळी मूळ मापावर आणणाऱ्या साच्यात, ती पुन्हा आवळली की जागा न उरलेले पितळ मानेकडे सरकते. म्हणजे तोंडाशी जे वाढते ते बुडाजवळून आलेले असते. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे : वारंवार छाटणी लागणारी पुंगळी बुडाच्या वर पातळ होत जाते. वाकवलेल्या बारीक तारेचे टोक आतून फिरवले असता त्या जागी खोबण लागली, तर ती पुंगळी टाकून द्यावी. चार-पाच छाटण्यांनंतर टाकावी असा रिवाज आहे, पण तारेची खूण रिवाजापेक्षा विश्वासाची.

लांबी हद्दीपलीकडे गेली की तोंड चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात घुसते आणि गोळीला चिमटते. गोळी सुटायला उशीर होतो, दाब धोकादायक पातळीवर चढतो. कमाल लांबीहून साधारण ०.०१० इंच, म्हणजे ०.२५ मिमी कमी, हे छाटणीचे माप धरतात. वर्कशॉपच्या भाषेत दहा थाऊ. .२२३ रेमिंग्टनची कमाल लांबी ४४.७० आणि छाटणीची ४४.४५ मिमी; .३०८ विंचेस्टरची ५१.१८ आणि ५०.९३; .३०३ ची ५६.४४ आणि ५६.१८; .३०-०६ ची ६३.३५ आणि ६३.०९. भारतात परवान्यावर मिळणाऱ्या .३१५ रायफलीची पुंगळी सुमारे ५० मिमीची, कंगोऱ्याची (बुडाची कड अंगाबाहेर आलेली) आणि निमुळत्या मानेची असते. उन्हाने माप चुकते ही समजूत मात्र निराधार आहे. परभणीत हिवाळ्याची सकाळ आणि मे महिन्याची दुपार यांत २० अंशांचा फरक धरला तरी ५१ मिमीची पुंगळी जेमतेम ०.०२ मिमीने वाढते, आणि पोलादी व्हर्नियरही थोडा वाढत असल्याने वाचनात ०.०१ मिमीचाही फरक पडत नाही.

माप कुठून धरायचे

ट्रिमर घेताना किंमत आणि वेग आधी पाहिले जातात. खरा प्रश्न वेगळा आहे : हे साधन लांबी पुंगळीच्या कुठल्या भागापासून मोजते? उत्तरे दोन आहेत, बुड किंवा खांदा (अंग निमुळते होत मानेला मिळते तो उतार).

बुडापासून मोजणारी साधने अनेक. ली कंपनीच्या साध्या संचात एक लांब दांडी बुडाच्या मधल्या छिद्रातून जाऊन तळाला टेकते आणि कटर तिथेच थांबतो. प्रत्येक काडतुसासाठी वेगळी दांडी लागते, लांबी बदलता येत नाही. पण चुकण्याला वावही नाही. स्वस्त आणि नवख्याला सर्वांत योग्य. बर्डन पुंगळीत मात्र मधले छिद्रच नसते, त्यामुळे जुन्या लष्करी .३०३ पुंगळ्यांना हा संच चालत नाही. फॉर्स्टर, आरसीबीएस, लायमन आणि हॉर्नडीचे हँडलचे ट्रिमर छोट्या लेथसारखे असतात : एका टोकाला बुडाची कड किंवा कंगोरा धरणारे कॉलेट किंवा चक, दुसऱ्या टोकाला कटर आणि मानेत शिरणारा पायलट. यांची कमजोर बाजू पकडीत असते. रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाने त्या कडेवर उठलेली बारीकशी बरही (धातूचा टोकदार उंचवटा) पुंगळी तिरकी धरायला पुरते. मग एकाच सेटिंगवर दोन-तीन थाऊंचा फरक येतो आणि दोष कटरला दिला जातो. विल्सनच्या ट्रिमरमध्ये पुंगळी किंचित निमुळत्या पोलादी बाहीत अंगाने बसते आणि मागे स्क्रूवर टेकते. कंगोरा कसाही असला तरी तोंड काटकोनात कापले जाते. काम सावकाश होते, पण हातांनी चालवायच्या ट्रिमरांत अचूकतेला हाच वरचढ मानला जातो.

खांद्यापासून मोजणारी साधने ड्रिलला जोडून किंवा स्वतंत्र मोटरवर चालतात. पुंगळी हातात धरून तोंडाकडून ढकलायची. खांदा आतल्या साच्याला टेकला की कापणे थांबते. लिटल क्रोचा ट्रिमर या जातीचा. गिरॉचे यंत्र छाटणीबरोबर आतबाहेरची धारही मारते, म्हणजे तोंडाची कड उतरवते. डिलनचे यंत्र पुंगळी डायमध्ये दाबणाऱ्या प्रेसवरच बसते, साइझिंग होत असतानाच कापते आणि कीस व्हॅक्यूमने ओढून घेते. ते हजारोंनी भरणाऱ्यांसाठी आहे, शंभर-दोनशे पुंगळ्यांसाठी त्याचा उपयोग नाही.

या दोन पक्षांत जाणकारांचे एकमत नाही. बुडाच्या बाजूने म्हटले जाते की छापील कमाल लांबी बुडापासूनच मोजलेली असते आणि व्हर्नियरही तीच दाखवतो. खांद्याच्या बाजूचे उत्तर असे की .३०८ सारखी कंगोरा नसलेली पुंगळी चेंबरमध्ये खांद्यावर टेकते, म्हणून तोंड चेंबरच्या टोकापासून किती दूर राहील हे खांद्यापासूनची लांबीच ठरवते. हा युक्तिवाद बरोबर आहे, पण कंगोऱ्याच्या पुंगळीला तो लागू पडत नाही. .३०३ आणि .३१५ कंगोऱ्यावर टेकतात. फक्त मान आवळून भरलेल्या अशा पुंगळ्यांचे खांदे निरनिराळ्या जागी असतात आणि खांद्यावरून कापले तर लांबी तेवढीच इकडेतिकडे होते. तेव्हा कंगोऱ्याच्या पुंगळीसाठी बुडापासून मोजणारेच साधन घ्यावे. बिनकंगोऱ्याच्या, पूर्ण साइझ केलेल्या आणि संख्येने खूप असलेल्या पुंगळ्यांसाठी खांद्याचे.

कानशीचा साचा हा प्रकार जुना. प्रेसमध्ये बसवलेल्या कडक पोलादी डायमधून मान वर डोकावते आणि ती कानशीने घासून सपाट करतात. एखाद-दुसऱ्या काडतुसाला तो पुरतो. लेथवर तीन जबड्यांच्या चकात पुंगळी आवळून फेसिंग करणे मात्र टाळावे. पातळ पितळ चेपून अंग गोल राहत नाही.

कृती व दोष

क्रम असा : जुनी टोपी काढणे, धुणे, साइझिंग, वंगण पुसणे, मोजणे, छाटणे, धार मारणे, कीस झटकणे. मोजणी साइझिंगनंतरच करावी, कारण लांबी त्याच वेळी वाढते. साइझिंगआधी कापले तर पायलट ढिला बसतो आणि तोंडावर लाटा उठतात. डायमधून मान फुलवणारा गोळा काढून टाकला असेल तर पायलट शिरतच नाही. चेपलेले तोंड आधी गोल करून घ्यावे.

सेटिंग करताना कटर मुद्दाम मागे ठेवावा आणि एकाच पुंगळीवर थोडे थोडे कापत मापावर यावे. जास्त कापलेले पितळ परत लावता येत नाही. पहिल्या फिरवणीत तोंडाच्या कडेवर एका बाजूला चकाकती चंद्रकोर उमटते. तीच वाढत जाऊन पूर्ण कडे झाले आणि हाताला विरोध लागेनासा झाला की कापणे संपले. दर २०-२५ पुंगळ्यांनंतर एक मोजावी. कटर थरथरला, तोंडावर रेघा उठल्या, तर कटर बोथट झाला आहे, वेग जास्त आहे किंवा पकड ढिली आहे. कार्बाइडचा कटर जास्त दिवस टिकतो, पण ठिसूळ असतो. पडला तर दात उडतो. छाटल्यावर आतून चेंफर न मारल्यास, म्हणजे कड तिरकी न उतरवल्यास, गोळी बसताना तिच्या अंगावरून तांब्याचा कीस निघतो. चेंफर हलकाच हवा. सुरीसारखी धार झालेले तोंड लवकर फाटते.

बारा बोअर

बारा बोअरच्या प्लॅस्टिक किंवा कागदी कवचाला वरील ट्रिमर लागत नाहीत. गोल दुमड मारायची असेल तेव्हा फुटलेला काठ सरळ कापतात, एवढेच. जुन्या विलायती बंदुकींची चेंबर बहुधा ६५ मिमीची असते. ७० मिमीचे कवच तिच्यात घातले तर ते बसते, पण उघडायला जागा नसल्याने दाब वाढतो. लांबीची खूण नळीच्या तळाशी पाहूनच ठरवावे.

साठवण

छाटलेल्या पुंगळीच्या तोंडावरची अगदी बारीक खाचही पुढे चिरेचे मूळ होऊ शकते, आणि चिरेला अमोनिया पोसतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची काडतुसे पावसाळ्यात पागेजवळ साठवल्यावर तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, ओल आणि पितळात अडकलेला ताण यांच्या संयोगाने हे घडते, हे मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये दाखवले. शेतातल्या घरात गोठा आणि युरियाची पोती बहुधा शेजारीच असतात. तिथे पितळ ठेवू नये. अमोनियायुक्त पॉलिशही वापरू नये. देवघरातल्या समईसारखे चिंचेने घासलेले पितळ चकचकीत होते खरे, पण आंबटात फार वेळ राहिले तर वरच्या थरातले जस्त निघून गुलाबी डाग पडतात. अशा पुंगळ्या वेगळ्या काढाव्यात.