जुन्या स्पोर्ट्‌स कारला मागचा स्पॉयलर बसवून घेण्यापूर्वी

स्पॉयलर बसवायला गाडी घेऊन आलेल्या ग्राहकाला आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो: मागचं झाकण कारखान्यातून गाडीबरोबर आलेलं आहे, की नंतर बदललेलं? मूळचं असेल तर त्याला भोक पाडायची आमची तयारी नसते. भोक पुढे बुजवता येतं, त्यावर रंगही देता येतो, पण तो पत्रा पुन्हा कोरा होत नाही. चाळीस-पन्नास वर्षं जपलेल्या गाडीवर कोरा पत्रा क्वचितच उरलेला असतो. म्हणून गाडी आमच्याकडे सोडण्याआधी हे पत्रक निवांत वाचा, आणि शंका वाटेल तिथे पेन्सिलने खूण करून सोबत आणा.

स्पॉयलर नेमकं काय करतो

गाडी धावू लागली की टपावरची हवा मागे घसरते. पाठ उतरती असेल तर ही हवा काचेला आणि झाकणाला चिकटून खाली वळते आणि वळता वळता गाडीचा मागचा भाग वर ओढते. मागची चाकं अशी हलकी झाली की वेगातल्या वळणावर किंवा आडव्या वाऱ्यात गाडीची शेपटी डोलायला लागते. स्पॉयलर हवेला झाकणाच्या टोकाशी अडवतो. त्याच्या पुढ्यात, झाकणावर, दाब वाढतो आणि हवा खाली न वळता काठावरूनच सुटते. त्यामुळे उचल कमी होते.

विंग हा वेगळा प्रकार. ती झाकणापासून उंच, पायांवर उभी असते. तिच्या खालूनही हवा वाहते आणि उलट्या धरलेल्या विमानाच्या पंखासारखी ती गाडीला खाली दाबते. बोलताना दोन्हींना स्पॉयलर म्हटलं तरी चालेल. पण विंगेचा सगळा जोर त्या पायांवर येतो, त्यामुळे झाकणाला आतून आधार दिल्याशिवाय ती आम्ही बसवत नाही.

हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 60 किलोमीटरला जेवढा असतो, त्याच्या चौपट 120 ला आणि नऊपट 180 ला. तेव्हा गाडी रविवारी सकाळी सावकाश फिरवण्यापुरतीच बाहेर निघत असेल, तर स्पॉयलर मुख्यतः रूपासाठीच असतो. त्यात कमीपणा काही नाही. फक्त तसं मोकळेपणाने सांगा, म्हणजे भोक न पाडता बसणारा हलका प्रकार आम्ही आधी दाखवू.

या पट्टीचा इतिहासही जुन्या गाड्यांशी जोडलेला आहे. 1961 साली इटलीतल्या मोंझाच्या शर्यतमार्गावरच्या चाचण्यांत फेरारीचे चालक रिची गिंथर यांच्या सूचनेवरून शर्यतीच्या गाडीच्या शेपटीवर पत्र्याची उभी पट्टी लावली गेली, आणि गाडी स्थिर झाली. पुढच्याच वर्षीच्या फेरारी 250 जीटीओवर सुरुवातीला असा स्पॉयलर बोल्टने जोडलेला होता. नंतरच्या गाड्यांत तो बॉडीतच घडवला गेला. पोर्शेच्या 911 करेरा आरएस 2.7 चं बदकाच्या शेपटीसारखं झाकण 1972 च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर आलं, आणि आज आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी याच आकाराला असते.

त्या आरएसला पुढच्या बंपरखालीही हवा अडवणारा ओठ होता, ही गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. मागची उचल कमी करून पुढची तशीच सोडली, तर वेगात पुढची चाकं तुलनेने हलकी पडतात. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळणाच्या बाहेर सरकू पाहते. म्हणून मोठा स्पॉयलर हवा असेल तर पुढच्या ओठाचा विचार त्याच बैठकीत करू. पुढचा ओठ लावायचाच नसेल, तर मागेही लहान पट्टीवर समाधान मानावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मूळ झाकण बाजूला ठेवा

आमचा सर्वांत आवडता मार्ग म्हणजे दुसरं झाकण. त्याच मॉडेलचं वापरलेलं किंवा नव्याने बनवलेलं झाकण मिळवायचं, स्पॉयलर त्यावर बसवायचा, आणि मूळ झाकण पुसून, आतून मेण फवारून, घरात कोरड्या जागी उभं करून ठेवायचं. कधीही मन बदललं तरी बिजागऱ्यांचे बोल्ट काढून अर्ध्या दिवसात गाडी होती तशी होते.

दुसरं झाकण मिळत नसेल तर चिकटवण्याचा पर्याय आहे. लहान, झाकणाला पूर्ण टेकणाऱ्या स्पॉयलरला दुहेरी चिकटपट्टी पुरते. ॲक्रिलिक फोमची ही पट्टी नीट लावली तर बळकट असते, पण ती रंगाला चिकटते, पत्र्याला नाही. खाली जुनी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, असेल आणि वरचा रंग सुटत आला असेल, तर स्पॉयलर रंगासकट उखडेल. म्हणून चिकटवण्याआधी आम्ही रंगाची जाडी मोजतो. पट्टी लावताना पत्रा 21 ते 38 अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवा, आणि पूर्ण पकड यायला सुमारे 72 तास जातात. गाडी आम्ही तीन दिवस ठेवून घेतो ती यासाठी. पुढे कधी काढायचा झाला तर हलकी ऊब देऊन नायलॉनच्या दोऱ्याने पट्टी कापता येते.

भोक पाडावंच लागलं तर

एक प्रसंग सांगतो. एका जुन्या कूपेच्या झाकणावर, स्पॉयलरच्या डाव्या पायाशी, रंगाला तांदळाच्या दाण्याएवढा फुगा आला होता. मालक म्हणाले, तेवढं जरा घासून द्या. आम्ही स्पॉयलर उतरवला. पायाखालची रबरी गादी काळी पडून चिकट झाली होती, आणि भोकाच्या काठाचा पत्रा नखाने टोकरला तरी तांबड्या पापुद्र्यांनी सुटत होता. ज्याने तो बसवला होता त्याने भोक पाडून सरळ बोल्ट आवळला होता. काठाला ना प्रायमर, ना सील. पाणी गादीखाली शिरलं आणि तिथेच मुरलं. तळव्याएवढा पत्रा कापून नवा तुकडा जोडावा लागला.

तेव्हापासून आमची पद्धत ठरलेली आहे. आधी झाकणावर चिकटपट्टीची मध्यरेषा काढतो आणि दोन्ही बाजूंनी मोजतो. जुन्या गाड्यांची बॉडी बऱ्याचदा हाताने जुळवलेली असते, डावी-उजवी बाजू काही मिलिमीटरने वेगळी निघते. अशा वेळी फूटपट्टीपेक्षा डोळ्याचं ऐकावं लागतं. म्हणून स्पॉयलर नुसता ठेवून तुम्हाला बोलावतो, दहा पावलं मागे उभं करतो, आणि तुमच्या होकाराशिवाय ड्रिल हातात घेत नाही. मग पंच या टोकदार अवजाराने खूण, 3 मिलिमीटरचं पहिलं भोक, आणि ते टप्प्याटप्प्याने मोठं करणं. ड्रिलच्या पात्यावर अडसर लावतो, नाहीतर ते आतल्या फ्रेममध्ये घुसतं. काठ गुळगुळीत करून त्यावर गंजरोधक प्रायमर, तो पूर्ण वाळल्यावर रंग, आणि शेवटी ब्यूटिल रबराचं सील. आतून रुंद पट्टी किंवा मोठे वायसर देतो, म्हणजे जोर एका जागी येत नाही.

ॲल्युमिनियमच्या झाकणाला स्टीलचा बोल्ट थेट लागता कामा नये. ओलाव्यात दोन धातूंची जोडी जमली की ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी दिसू लागते. मध्ये नायलॉनचे वायसर घालावे लागतात. फायबरच्या झाकणाचा प्रश्न वेगळा: तिथे बोल्ट जास्त आवळला की वरच्या थराला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात.

स्पॉयलर कशाचा घ्यावा

फायबर हलका आणि दुरुस्तीला सोपा असतो, पण ताजा बनवलेला तुकडा लगेच रंगवला तर काही महिन्यांनी उन्हात आतल्या कापडाची वीण रंगावर उमटते. तो आधी नीट पिकू द्यावा लागतो. पॉलियुरेथेनचा लवचिक असतो, त्याला रंगही लवचिक लागतो. स्वस्त तुकडा आणून तो बसवताना ताणून जुळवावा लागला, तर तो ताण पुढे कायम राहतो आणि कडा उचलतात. असा तुकडा आम्ही परत करायला सांगतो, मग काम हातचं गेलं तरी चालेल.

रंगाचा कोड जुळला म्हणजे रंग जुळला असं होत नाही. गाडीचा रंग इतक्या वर्षांत उतरलेला असतो, म्हणून आम्ही पॉलिश केलेल्या पत्र्याशी उघड्यावर ताडून पाहतो.

बाकी काही गोष्टी तपासायच्या असतात. वजन वाढल्यावर झाकण उघडं राहत नसेल तर स्प्रिंग किंवा गॅसचे दांडे बदलावे लागतात, नाहीतर ते डोक्यावर येतं. इंजिन मागे असेल तर जाळी झाकली जाता कामा नये. आरशातून मागचा रस्ता आणि मागून ब्रेकचा दिवा दिसायला हवा.

नियमांबद्दल: गाडीच्या बाह्य आकारात केलेला बदल कुठे नोंदवावा लागतो, तर कुठे मुळीच चालत नाही. 1973 च्या बीएमडब्ल्यू 3.0 सीएसएलची मागची विंग जर्मनीत रस्त्यावर चालणारी नव्हती, म्हणून ती गाडीच्या डिकीत ठेवूनच दिली जायची. तुमच्या वाहन नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला काम सुरू होण्याआधी विचारा, उत्तर लेखी घ्या आणि त्याची प्रत आम्हाला द्या.

गाडी घरी नेल्यावर पहिला आठवडा जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नका. झाकण उघडताना-लावताना हात पत्र्यावर ठेवा, स्पॉयलरला धरून ओढू नका. पाचशे किलोमीटर झाले की एकदा आणा, बोल्ट आणि सील आम्ही तपासून देतो. काढलेला प्रत्येक मूळ भाग, मापांचा कागद आणि कामाचे फोटो एका खोक्यात घालून तुमच्या हवाली करू. ते खोकं गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा.