उतारवयातला स्किझोफ्रेनिया: वजन, स्मरण आणि स्त्री-पुरुषांतला फरक

साठी ओलांडलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे भास औषधांनी बरेचदा आटोक्यात असतात. घरच्यांना जाणवतं ते वेगळंच: सुटलेलं पोट आणि मंदावलेलं आकलन. ही दोन्ही लक्षणं स्त्रीमध्ये आणि पुरुषात सारख्या वाटेने येत नाहीत.

पुरुषांना हा आजार बहुधा विशीच्या आसपास गाठतो. स्त्रियांमध्ये तो काही वर्षं उशिरा येतो आणि पंचेचाळिशीनंतर, रजोनिवृत्तीच्या सुमारास, पुन्हा एक छोटी लाट दिसते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक मेंदूला काहीसं संरक्षण देत असावं, हा त्यामागचा तर्क. शाब्दिक स्मरणात स्त्रिया सहसा पुढे असतात. आजार उशिरा आल्याने शिक्षणही पूर्ण झालेलं असतं, पण उतारवयात हे संरक्षण ओसरतं.

वजनामागे मोठा वाटा औषधांचा. ओलान्झापिन आणि क्लोझापिन मेंदूतल्या हिस्टामिन या रसायनाचे ग्राहक (रिसेप्टर) अडवतात, त्यामुळे भूक वाढते. ही औषधं पचवणारं यकृतातलं विकर (एन्झाइम) स्त्रियांमध्ये कमी सक्रिय असतं. म्हणून त्याच 10 मिलिग्रॅममागे ओलान्झापिनची रक्तातली पातळी स्त्रीमध्ये जास्त राहते. विडी-सिगारेटचा धूर हेच विकर वेगवान करतो. म्हणून वर्षानुवर्षं ओढणाऱ्या पुरुषाने अचानक विडी सोडली, तर काही दिवसांतच पातळी चढते आणि गुंगी, गोंधळ, तोल जाणं सुरू होतं. घरच्यांना ते ‘वयाचं’ वाटतं. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नव्हे. विडी जरूर सोडावी, मात्र आधी डॉक्टरांना सांगून.

आता मोजमाप. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. भारतीयांसाठी तो 23 च्या पुढे जादा वजन, 25 च्या पुढे लठ्ठपणा. म्हातारपणी उंची घटते, हे मात्र विसरलं जातं. 58 किलोच्या बाईंची उंची 155 सेंटिमीटरवरून 150 वर आली, तर एक ग्रॅमही न वाढता बीएमआय 24.1 चा 25.8 होतो. शिवाय स्नायू झिजून त्यांची जागा चरबीने घेतली तर काट्याला पत्ताच लागत नाही. म्हणून कंबर मोजा: साडीची गाठ किंवा नाडी सैल करून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. मर्यादा स्त्रीला 80 सेंटिमीटर, पुरुषाला 90.

पोटावरची चरबी इन्सुलिनचं काम बिघडवते, रक्तवाहिन्यांना इजा करते. त्याची झळ मेंदूला पोचते. रजोनिवृत्तीनंतर मात्र स्त्रीच्या शरीरात थोडंफार इस्ट्रोजेन या चरबीतच तयार होतं. म्हणून वजन आणि स्मरण यांचं नातं सरळ रेषेत जात नाही, आणि पुरुषांवरचा निष्कर्ष स्त्रीला जसाच्या तसा लावू नये.

वजन आपोआप घटलं तर हुरळून जाऊ नका. 58 किलोतले 3 किलो सहा महिन्यांत विनाकारण गेले, तर तपासणी हवीच: मधुमेह, क्षयरोग, गिळण्याचा त्रास, जेवणात विष असल्याचा रुग्णाला येणारा संशय, किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात.

नवं औषध सुरू केल्यावर 4, 8 आणि 12 आठवड्यांनी वजन, नंतर दर तीन महिन्यांनी. उपाशीपोटीची साखर 12 आठवड्यांनी आणि मग वर्षातून एकदा. स्मरण ढासळलं तर चिठ्ठीत ट्रायहेक्सिफेनिडिल आहे का, ते आधी बघा. हातांची थरथर थांबवायला दिलेली ही गोळी वयस्कांची स्मरणशक्ती मंदावते, आणि अनेकांच्या चिठ्ठीत ती वर्षानुवर्षं तशीच राहून गेलेली असते. ती एकदम बंद करायची नाही. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.