पाहुणा कधी आला, मालक कधी झाला

जायंट हॉगवीडचं देठ मोडलं की पाण्यासारखा पातळ रस येतो. हाताला लागला तरी त्या क्षणी ना खाज ना आग. मग माणूस उन्हात जातो आणि तेवढ्याच जागेवर भाजल्यासारखे फोड उठतात, कारण रसातली रसायनं उन्हातल्या अतिनील किरणांनी जागी होतात. वनस्पती मूळची कॉकेशस पर्वतातली, कुळ आपल्या कोथिंबिरीचं. फुलोराही तसाच पांढऱ्या छत्रीसारखा, फक्त परातीएवढा. झाड पुरुषभर उंची सहज ओलांडतं, आयुष्यात एकदाच फुलतं, हजारो बिया टाकतं आणि मरतं.

चेक वनस्पतिशास्त्रज्ञ पेत्र पिशेक यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं या झाडाचा माग काढला. त्यांच्या देशात ते 1862 मध्ये आलं ते किन्झ्वार्टच्या मेटरनिख घराण्याच्या वाड्यातल्या बागेत, शोभेसाठी. मग कितीतरी दशकं त्याने फारसा त्रास दिला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या भागातल्या जर्मन रहिवाशांना हाकलून दिलं गेलं, शेतं-कुरणं ओस पडली, काही मुलूख लष्कराने घेतला. विळा फिरेनासा झाला आणि हॉगवीड सुटलं. ते पांढरे फुलोरे विमानातूनही ओळखू येतात, म्हणून पिशेक आणि सहकाऱ्यांनी जुने हवाई फोटो लावून ही झाडी दर काही वर्षांनी किती सरकली ते मोजलं. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं: वनस्पतीचा अभ्यास, पण पद्धत जवळजवळ तलाठ्याची. कुठे, किती, कोणत्या साली.

प्रूहोनित्से इथल्या वनस्पतिशास्त्र संस्थेत त्यांनी हाच हिशेब देशभर मांडला. 2002 च्या यादीत चेक प्रजासत्ताकात बाहेरून आलेल्या 1378 वनस्पती निघाल्या, 2012 च्या यादीत 1454. त्याआधी, 2000 साली, दक्षिण आफ्रिकेतले डेव्हिड रिचर्डसन आणि इतरांबरोबर त्यांनी शब्द नक्की केले. नुसती आलेली वनस्पती वेगळी, माणसाच्या मदतीशिवाय पिढ्यान् पिढ्या टिकणारी वेगळी आणि झपाट्याने दूरवर पसरणारी वेगळी. किरकोळ वाटेल, पण त्याआधी एकाचं ‘पसरलेलं’ दुसऱ्याच्या लेखी ‘नुसतं आलेलं’ असायचं. मग याद्या जुळणार कशा?

त्या जुळल्यावर 2015 मध्ये संशोधक मार्क व्हॅन क्लूनेन यांच्या पुढाकाराने जगातल्या 843 प्रदेशांचा हिशेब झाला, त्यात पिशेकही होते. निदान 13,168 जाती परमुलखात स्थिरावल्या आहेत. जवळजवळ अख्ख्या युरोपच्या मूळ वनस्पतींइतक्या!

त्याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष 2011 चा, संशोधक फ्रान्झ एस्ल यांच्याबरोबरचा. युरोपातल्या देशांत आज किती परक्या जाती मोकाट आहेत, याचा अंदाज आजच्या व्यापार-लोकसंख्येपेक्षा 1900 सालच्या आकड्यांवरून जास्त चांगला बांधता येतो. म्हणजे आणलेली वनस्पती मोकाट व्हायला कित्येक दशकं जातात, आणि आज नर्सरीत कुंडीत बसलेल्यांची उधारी अजून वसूल व्हायचीय.

तारखा तपासायची ही सवय आपल्याकडेही लावून बघावी. गाजरगवत अमेरिकेच्या ‘पीएल-480’ या धान्य-मदत योजनेतल्या गव्हातून आलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या गव्हाचा भारताशी करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये, आणि पुण्यात हे गवत दिसल्याची नोंद 1955 ची.