दुखणं किती आणि दुखणं कुठल्या वाटेनं

नागीण सुकून गेली तरी पुढे कित्येक महिने नुसता पदर किंवा सदरा लागला की आग होते, हे पुष्कळ घरांनी पाहिलंय. नस दुखावली की स्पर्शच वेदना होऊन बसतो. अशा वेळी हार्मोन्सचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या ठिकाणी जाते: बायकांना जास्त दुखतं की पुरुषांना? हा झाला 'किती'चा प्रश्न. दुसरा प्रश्न, तेवढंच दुखणं शरीर कुठल्या वाटेनं घडवतं, हा त्यातच मिसळून जातो आणि हरवतो.

2015 साली मॉन्ट्रियलचे जेफ्री मोगिल, टोरोंटोचे मायकेल सॉल्टर हे वेदनेचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन्ही वेगळे करून दाखवले. उंदराच्या मागच्या पायाची नस दुखावलेली. त्याला जाळीवर ठेवायचं, खालून नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि कितव्या जाडीला तो पाय झटकतो ते पाहायचं. नर आणि मादी, दोघंही सारखेच हळवे निघाले. मापात फरक नाही.

मग मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या रोगप्रतिकारक पेशींना आवरणारी औषधं दिली, मिनोसायक्लिन त्यातलंच. नरांचा हळवेपणा ओसरला, माद्यांचा तसाच राहिला. माद्यांमध्ये ते काम बहुधा टी-पेशींकडे, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींकडे होतं. वृषणं काढलेल्या नरांवर औषध चालेना. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दिलेल्या माद्यांवर मात्र चालू लागलं. मला हे रेल्वेच्या सांध्यासारखं वाटतं. स्टेशन तेच, रूळ तेवढे बदलले.

लोकांच्या पाहण्यांत जुनाट वेदना बायकांमध्ये जास्त आढळते, तेही खरंच. पण त्याचं उत्तर या प्रयोगातून काढू नये, आणि उंदराचं जसंच्या तसं माणसाला लावूही नये.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. वर्षानुवर्षं असे प्रयोग बहुतांशी नरांवरच झाले. माद्यांचं ऋतुचक्र आकडे बिघडवेल, ही सबब. त्यामुळे मायक्रोग्लियाची वाट हीच सगळ्यांची वाट समजली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं दोन्ही लिंगांचा विचार करा, असं 2016 पासून संशोधकांना सांगितलं. एखादं औषध निम्म्यांना लागू पडतं, निम्म्यांना नाही, आणि निकाल एकत्र सरासरीनं मांडला, तर ते दोघांनाही 'थोडंसं' चालणारं दिसतं.