मत तुमचं की कंपनीचं?

ऐरोली-महापे पट्ट्यातले काही इंजिनियर तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या गटांत काम करतात. बॅजवर नावाखाली कंपनीचं नाव असतं, त्यामुळे ऑफिसात सगळे धरून चालतात की हा माणूस कंपनीतर्फे बोलतोय. दर वेळी तसं नसतं.

इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये सभासदत्वच नाही. येणारा प्रत्येक जण स्वतःपुरता येतो. मतदानही होत नाही, ढोबळ सहमती पाहतात. आयईटीएफचा २०१४ चा दस्तऐवज, आरएफसी ७२८२, तर सांगतो की ५ जण बाजूने आणि १०० विरोधात असले तरी सहमती होऊ शकते, कारण आक्षेपाचं वजन बघायचं, डोकी मोजायची नाहीत. एका कंपनीने माणसांची फौज पाठवली तरी तेवढ्याने काम होत नाही, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

वेबची मानकं करणारी डब्ल्यूथ्रीसी मुख्यतः सभासद संस्थांवर चालते. संस्था केवढीही असो, मत एकच. नोकरी सोडली की जागा गेली. नवी कंपनी सभासद असेल आणि तिने नेमलं तर परत. निमंत्रित तज्ज्ञ हा अपवाद.

खरा गोंधळ आयईईई या इंजिनियरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत होतो, कारण तिथे व्यक्तींची आणि संस्थांची अशा दोन्ही पद्धती आहेत. वाय-फायचा ८०२.११ गट व्यक्तींचा आहे. मताचा हक्क स्वतःच्या हजेरीने मिळतो, नोकरी बदलली तरी सोबत येतो, आणि आजारी पडलात म्हणून सहकाऱ्याला तुमच्या वतीने मत देता येत नाही. मात्र तुम्ही कुणाशी संलग्न आहात हे उघड सांगावं लागतं. ‘आपली लाइन सोडू नकोस,’ असं तुम्ही मीटिंगला निघताना मॅनेजर बजावतो. पण तिथला नियम मत स्वतःच्या ज्ञान-अनुभवावर द्यायला सांगतो. मॅनेजरला हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

‘मी वैयक्तिक बोलतोय’ म्हटल्याने पेटंटमधून मात्र सुटका नाही. तुम्ही मांडलेल्या गोष्टीवर कंपनीचं पेटंट आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर आयईटीएफमध्ये ते जाहीर करायलाच हवं. कंपनी जाहीर करू देत नसेल, तर त्या विषयावर तुम्ही तिथे काही मांडायचं नाही. म्हणून पहिल्या मीटिंगआधीच लीगलकडून लेखी विचारून घ्या: त्या गटात मत कुणाचं, आणि पेटंटबद्दल मला काय सांगायची मोकळीक आहे?