योसेफोव्ह वारसा-फेरी, प्राग

योसेफोव्ह वारसा-फेरी : चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील जुन्या ज्यू वस्तीतून मार्गदर्शकाबरोबर पायी केली जाणारी फेरी. व्ल्तावा नदीच्या उजव्या तीराला, जुन्या शहराच्या मुख्य चौकापासून चार पावलांवर ही वस्ती होती. आज तिच्यातले सहा सिनेगॉग (ज्यू प्रार्थनागृहे), एक दफनभूमी आणि ज्यू समाजाचा टाउन हॉल एवढेच उरले आहे. सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहे, तरी नीट पाहायचे तर अडीच-तीन तास हाताशी हवेत. शनिवारी आणि ज्यू सणांच्या दिवशी या वास्तू पर्यटकांना बंद असतात. मराठी वाचकाला हा नेम परका वाटू नये. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे तिथले ज्यू, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

अंधाऱ्या बोळांचा, एकमेकांना खेटलेल्या घरांचा घेट्टो, म्हणजे ज्यूंना वेगळे ठेवणारी वस्ती, मनात धरून आलेला माणूस इथे पहिल्यांदा गोंधळतो. त्याच्यासमोर येतो पार्झिश्का हा रुंद, झाडांनी भरलेला रस्ता. दोन्ही बाजूंना नक्षीदार सज्जांच्या उंच इमारती आणि तळमजल्यावर महागडी दुकाने. मग घेट्टो गेला कुठे? पुष्कळांना वाटते, नाझींनी पाडला. तसे नाही. तो प्राग शहराने स्वतःच पाडला, नाझी येण्याच्या चाळीस वर्षे आधी. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगणारा मार्गदर्शक मिळाला, तर पुढची सगळी फेरी वेगळी दिसते.

प्रागमध्ये ज्यू व्यापाऱ्यांची ये-जा असल्याचा उल्लेख इब्राहिम इब्न याकूब या प्रवाशाने दहाव्या शतकातच केला आहे. तो स्वतः स्पेनकडचा ज्यू होता. पुढे नदीकाठच्या या भागात वस्ती स्थिरावली, तिला वेशी आल्या आणि तिचे स्वतःचे कायदेकानू तयार झाले. राजाचे संरक्षण असे, पण ते राजाच्या मर्जीवर. १३८९ च्या ईस्टरला जमावाने वस्तीत शिरून मोठे हत्याकांड केले. १७४४ मध्ये मारिया तेरेसा राणीने सगळ्याच ज्यूंना शहराबाहेर काढण्याचा हुकूम दिला, आणि १७४८ मध्ये त्यांना परत येऊ दिले. तिचा मुलगा सम्राट दुसरा योसेफ याने १७८१ मध्ये सहिष्णुतेचे फर्मान काढून बरीच बंधने उठवली. वस्ती १८५० मध्ये प्राग शहरात सामील झाली, तेव्हा तिला त्याच्याच नावावरून ‘योसेफोव्ह’ म्हणू लागले. बंधने गेल्यावर ज्यांना परवडत होते ते ज्यू बाहेर मोकळ्या भागांत राहायला गेले आणि मागे गरिबी उरली, त्यातही ज्यू थोडेच. गर्दी, घाण आणि पुराचे पाणी ही कारणे देऊन १८९३ मध्ये शुद्धीकरणाचा कायदा झाला. चेक भाषेत याला ‘असानात्से’ म्हणतात. काही वर्षांतच घरे जमीनदोस्त होऊ लागली. तीन सिनेगॉगही पाडले गेले. त्यांतल्या वस्तू भंगारात जाऊ नयेत या तळमळीने सालोमोन ह्यूगो लीबेन या इतिहासकाराने १९०६ मध्ये प्रागचे ज्यू संग्रहालय सुरू केले. आजची बहुतेक फेरी याच संग्रहालयाच्या वास्तूंमधून जाते. म्हणजे वस्ती मोडली म्हणून संग्रहालय जन्मले.

फेरी बहुधा चौकाच्या कोपऱ्यावरून, लेखक फ्रान्झ काफ्का ३ जुलै १८८३ रोजी जिथे जन्मला त्या जागेपासून सुरू होते. तेव्हाचे घर आता नाही, फक्त दरवाजाची कमान राहिली आहे. तिथून मायझेलोव्हा रस्त्याने आत गेले की मायझेल सिनेगॉग लागते. मोर्देखाय मायझेल हा सोळाव्या शतकातला धनाढ्य सावकार आणि वस्तीचा प्रमुख. त्याने १५९२ मध्ये हे सिनेगॉग स्वतःसाठी उभारले.

पुढे पिंकास सिनेगॉग. मूळ वास्तू १५३५ ची, होरोविट्झ घराण्याची. आत आज पूजास्थानाचे सामान जवळजवळ काहीच नाही. आहेत त्या भिंती, आणि भिंतींवर नावे. बोहेमिया-मोरावियातले सुमारे ७८ हजार ज्यू नाझींच्या हातून मारले गेले. त्यांची नावे इथे हाताने लिहिली आहेत. पद्धत अशी : आधी गाव, मग आडनाव लाल रंगात, त्यापुढे घरातल्या एकेकाचे नाव काळ्या रंगात, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख. मृत्यूची तारीख कळली नसेल, तर पूर्वेकडे ज्या दिवशी गाडीत चढवले ती. लांबून पाहिले तर भिंतीवर फिकट नक्षी काढल्यासारखे वाटते. हातभर अंतरावर गेल्यावर अक्षरे सुटी होतात आणि एकाच लाल आडनावापुढे आजोबा, आई, दोन वर्षांचे मूल अशी ओळ वाचता येते. आडनाव एकदाच लिहिलेले असल्याने घरातले सगळे एकत्र राहिले आहेत. तोरा हा ज्यू धर्मग्रंथ ठेवायच्या पवित्र कपाटाच्या दोन्ही बाजूंना नाझींच्या छळछावण्यांची नावे आहेत.

ही नावे दोनदा लिहावी लागली. पहिल्यांदा १९५४ ते १९५९ या काळात व्हात्स्लाव बोश्तीक आणि यिर्झी योन या चित्रकारांनी ती लिहिली. मग जमिनीतली ओल भिंतीत चढली, १९६८ मध्ये इमारत बंद झाली आणि साम्यवादी राजवटीत ती वर्षानुवर्षे तशीच बंद राहिली. नावे नष्ट झाली. १९८९ नंतर राजवट बदलली, आणि १९९२ ते १९९६ या वर्षांत सगळी नावे पुन्हा लिहिली गेली. या सिनेगॉगमध्ये मार्गदर्शकाने बोलणे थांबवावे असे मनापासून वाटते. सांगायचे ते दारातच सांगून माणसांना एकेकटे आत सोडणे हेच बरे.

वरच्या मजल्यावर नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या तेरेझीन घेट्टोतल्या मुलांची चित्रे आहेत. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार डिसेंबर १९४२ मध्ये तिथे पाठवली गेली आणि लपूनछपून मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेऊ लागली. मुलांनी चित्राखाली आपले नाव लिहावे असा तिचा आग्रह असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउश्विट्झ छळछावणीत नेऊन मारले. जाण्यापूर्वी तिने मागे ठेवलेल्या दोन सुटकेसमध्ये साडेचार हजारांच्या आसपास चित्रे होती. चित्र काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत, पण तिच्या त्या आग्रहामुळे त्यांतल्या अनेकांची चित्रे नावानिशी ओळखता येतात.

पिंकासमधून दार थेट जुन्या दफनभूमीत उघडते. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १७८७ पर्यंत इथे दफन होत असे. वस्तीला जागा वाढवून मिळत नव्हती आणि ज्यू धर्मशास्त्रानुसार जुने थडगे उकरता येत नाही. तेव्हा वर मातीची भर घालायची, जुना शिलालेख उचलून वर आणायचा आणि नवीन दफन करायचे, असे शतकानुशतके चालले. काही ठिकाणी असे बारा थर असल्याचे सांगतात. म्हणून इथली जमीन भोवतालच्या रस्त्यांपेक्षा उंच आहे, आणि सुमारे १२ हजार शिळा एकमेकींच्या अंगावर रेललेल्या दिसतात. सर्वांत जुनी शिळा कवी आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) अविगदोर कारा याची, १४३९ ची. १३८९ च्या हत्याकांडावर शोकगीत लिहिणारा तो हाच. ते गीत प्रागमध्ये योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासनेत म्हणण्याचा प्रघात आहे.

हिब्रू न येणाऱ्यालाही या शिळा थोड्याफार वाचता येतात. आशीर्वादासाठी उचललेले दोन तळहात म्हणजे कोहेन, पुरोहित घराणे. पाण्याची झारी म्हणजे लेवी, पुरोहितांना साहाय्य करणारे घराणे. शिंप्याच्या शिळेवर कात्री. दाव्हिद गान्स हा इतिहासकार आणि खगोलशास्त्राचा अभ्यासक. गान्स म्हणजे जर्मनमध्ये हंसाच्या जातीचा पक्षी, तो त्याच्या शिळेवर कोरला आहे. सर्वांत जास्त गर्दी असते रब्बी येहुदा लेव्ह बेन बेझालेल यांच्या समाधीपाशी. ‘महाराल’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत, मृत्यू १६०९. लोक शिळेवर खडे ठेवतात, फटीत मागणे लिहिलेल्या चिठ्ठ्या सारतात.

महाराल म्हटले की गोलेम आलाच. रब्बींनी नदीकाठच्या मातीचा पुतळा केला, मंत्राने त्यात जीव घातला, तो वस्तीचे रक्षण करी, पुढे अनावर झाला तेव्हा त्याला पुन्हा निर्जीव केले आणि सिनेगॉगच्या माळ्यावर ठेवले, अशी ही आख्यायिका. ती सांगावीच, गोड आहे. पण ती महारालच्या नावाशी छापील रूपात जोडली गेली एकोणिसाव्या शतकात, त्यांच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत गोलेमचा मागमूस नाही. त्या ग्रंथांत आहे मुलांच्या शिक्षणाविषयीचा विचार : वयाला झेपेल तेच शिकवावे, पाया पक्का झाल्याशिवाय पुढचा मजला चढवू नये. फक्त बाहेरून इमारती दाखवणाऱ्या स्वस्त फेऱ्यांमध्ये गोलेमलाच सगळा वेळ जातो आणि हा मोठा शिक्षक बाजूला राहतो, याची हळहळ वाटते.

ज्या माळ्याची ही गोष्ट, तो ‘जुने-नवे’ या नावाच्या सिनेगॉगचा. बाहेरच्या पूर्वेकडील भिंतीवर माळ्याकडे जाणाऱ्या लोखंडी पायऱ्या दिसतात, पण वर कोणाला सोडत नाहीत. सुमारे १२७० मध्ये बांधलेले हे सिनेगॉग अजून वापरात असलेल्या युरोपातल्या सिनेगॉगांमध्ये सर्वांत जुने मानले जाते. आत जायला पायऱ्या उतराव्या लागतात, कारण रस्त्याची पातळी वर चढत गेली. मध्ये दोन खांब, त्यांच्या मधोमध तोरा वाचण्याचा चौथरा, आणि बारा अरुंद खिडक्या, इस्रायलच्या बारा कुळांच्या. छताकडे जरूर पाहावे. गॉथिक कमानींना एरवी चार फासळ्या असतात. इथे पाच आहेत. चार फासळ्यांचा क्रूस होतो, तो टाळण्यासाठी पाचवी घातली असे परंपरेने सांगतात. स्त्रियांची बसण्याची जागा भिंतीपलीकडे आहे, तिथून आतले ऐकायला जाड भिंतीत फक्त अरुंद झरोके. ही वास्तू संग्रहालयाची नाही, ती समाजाच्या ताब्यात आहे आणि इथे आजही प्रार्थना होते. पुरुषांनी डोके झाकून आत जायचे असते.

समोरच्या ज्यू टाउन हॉलवर दोन घड्याळे आहेत. वरचे नेहमीचे, रोमन आकड्यांचे. खालच्याच्या तबकडीवर हिब्रू अक्षरे आहेत, आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात तसे त्याचे काटेही उलटे फिरतात.

क्लाउझेन सिनेगॉगवरून फेरी शेवटाला स्पॅनिश सिनेगॉगपाशी येते. १८६८ मधली ही इमारत मूरिश शैलीची, आतून सोनेरी, हिरव्या, तांबड्या नक्षीने भरलेली. प्रागमधले सर्वांत जुने सिनेगॉग याच जागी होते. त्या जुन्या वास्तूत ऑर्गन वाजवणारा फ्रान्तिशेक श्क्रौप हा चेक राष्ट्रगीताचा संगीतकार. शेजारीच काफ्काचा पुतळा आहे, यारोस्लाव्ह रोना याने केलेला, २००३ चा.

युद्धकाळात नाझींनी उजाड केलेल्या गावोगावच्या सिनेगॉगांतून चांदीची भांडी, पडदे, तोरा-पट इथल्या संग्रहालयात आणून भरले. त्यांची नोंद करणारे ज्यू कर्मचारीच होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे छावण्यांत पाठवले गेले. १९५० मध्ये संग्रहालय सरकारने घेतले. १९६४ मध्ये त्यातले १,५६४ तोरा-पट लंडनला गेले. वास्तू आणि संग्रह ज्यू समाजाला परत मिळाले ते १९९४ मध्ये.

वाटेत पायाखाली लक्ष असावे. घरांसमोरच्या फरसबंदीत दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले असतात. जर्मन कलावंत गुंटर डेमनिग यांच्या उपक्रमातले हे दगड प्रागमध्ये २००८ पासून बसवले जात आहेत. ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्मवर्ष, कधी नेले, कुठे मारले. वाचायचे तर खाली वाकावे लागते.

काफ्काची समाधी या फेरीत येत नाही. ती शहराच्या पूर्वेला नव्या ज्यू दफनभूमीत आहे. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर झेलिव्हस्केहो स्थानकाला उतरले की दार समोरच आहे. त्याच्या शिळेच्या पायथ्याशी एक छोटी पाटी आहे. तिच्यावर एली, वाली आणि ओट्ला या त्याच्या तिन्ही बहिणींची नावे आहेत. एली आणि वालीला १९४१ मध्ये पोलंडमधल्या वूच घेट्टोत नेले. ओट्ला तेरेझीनमध्ये होती. १९४३ मध्ये मुलांच्या एका तुकडीला सोबत म्हणून ती आपणहून निघाली आणि आउश्विट्झला मारली गेली.