आठ मायक्रॉनची पेशी, पाच मायक्रॉनची वाट

तांबडी रक्तपेशी सुमारे ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असते. तिला ज्यांतून जावं लागतं त्यातल्या कित्येक केशवाहिन्या मात्र जेमतेम ५ मायक्रॉनच्या, आणि प्लीहेतल्या फटी तर त्याहून कितीतरी अरुंद. तरीही ही पेशी जवळपास १२० दिवस न फाटता फिरते.

याचं मर्म तिच्या जादा आवरणात आहे. पेशीचं आकारमान सुमारे ९० घनमायक्रॉन. तेवढा ऐवज गोल चेंडूत मावायला शंभरेक चौरस मायक्रॉन आवरण पुरलं असतं. तिच्याकडे असतं १३५ ते १४०. तुडुंब फुगवलेला फुगा फटीतून जात नाही, अर्धवट भरलेला जातो, तसंच हे.

संगणकावर अशा पेशीचं मॉडेल उभं करताना आवरणाची जाळी विणतात: काही शे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या काल्पनिक स्प्रिंगा. अटी दोनच. एकूण क्षेत्रफळ आणि आतलं आकारमान जवळजवळ कायम राहिलं पाहिजे. भोवतीचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, इथे असतो एकमेकांना ढकलणारे असंख्य कण. मग वेळ अगदी बारीक टप्प्यांनी पुढे सरकवत प्रत्येक बिंदूवरचं बल मोजत राहायचं. पेशीला आकार कुणी शिकवत नाही. बारीक नळीत ती आपणहून पॅराशूटसारखी दुमडते, अगदी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते तशी! मला या शास्त्रातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. बारीक नळीत रक्त जणू पातळ होतं, हे फोरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये दाखवलं होतं. तेही या मॉडेलमधून आपसूक निघतं. पेशी मधोमध सरकतात आणि भिंतीलगत नुसता प्लाझ्मा उरतो.

गडचिरोली, नंदुरबारकडे घरोघरी माहीत असलेल्या सिकलसेल आजारात मात्र हा प्रवासच अडतो. ताठ, विळ्यासारख्या पेशी वाट बुजवतात, असं आपण सहसा समजतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या हुआन लेई आणि जॉर्ज कार्नियाडाकिस यांच्या मॉडेलमध्ये क्रम वेगळा दिसला. आधी मऊ, तरुण पेशी बारीक शिरांच्या भिंतीला चिकटतात. मऊ असल्यामुळेच त्या भिंतीवर जास्त पसरून बसतात. वाट अशी अरुंद झाली की मागून येणाऱ्या ताठ पेशी तिथे अडकतात आणि प्रवाह थांबतो. प्राण्यांच्या रक्तवाहिन्यांवरच्या जुन्या प्रयोगांतही असाच क्रम आढळला होता.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध पेशींचं विळ्यासारखं होणं कमी करतं आणि चिकटणंही. त्यातल्या कशाचा किती उपयोग झाला, हे रुग्णाच्या शरीरात वेगळं काढणं फार अवघड. मॉडेलमध्ये चिकटपणा शून्य करून ताठरपणा तसाच ठेवता येतो, किंवा याच्या उलट, आणि रक्त कुठे अडतं ते पाहता येतं.